उजव्या कोपऱ्यातला ठिपका

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी आमच्या गावच्या टॉकीजमध्ये चित्रपट ऐन रंगात आला असताना पडद्यावरचे चित्र एकाएकी थिजले. नायकाचा उगारलेला हात उगारलेलाच राहिला, खलनायकाचे उघडे तोंड उघडेच. क्षणभराने तेही गेले आणि निळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ येऊन उभी राहिली. तिचा अर्थ खुर्च्यांवरच्या शंभर-सव्वाशे माणसांपैकी फार तर दहाजणांना लागला असेल. पण अर्थ न लागताही अशा वेळी काय करायचे ते सर्वांना ठाऊक होते. सारे थिएटर एका अंगाने मागे वळले, आणि केबिनच्या चौकोनी खिडक्यांकडे तोंड करून शिट्ट्या आणि आरोळ्या सुरू झाल्या.

'ए ऑपरेटर! झोपला का बे?'

मीही वळलो होतो. वयाची चाळिशी उलटलेला, वर्गात पोरांना 'मागे वळून बोलू नका' म्हणून दिवसातून दहादा दटावणारा मी. पण मान आपोआप वळली. आणि वळल्यावर ध्यानात आले, की खिडकीत कोणी नाही. केबिनला बाहेरून कुलूप होते. ज्या पोराकडे तिची किल्ली असते तो खाली तिकिटांच्या हिशेबात गुंतला होता. त्याला शोधून आणले, त्याने कुणाला तरी फोन लावला, आणि पलीकडचा माणूस, तो मुंबईत होता की चेन्नईत कोण जाणे, सांगत गेला तशी याने बटणे दाबली. वीस मिनिटांनी खलनायकाला तो ठोसा एकदाचा बसला.

खरे सांगायचे तर चित्रपट बंद पडल्याचे मला काही वाटले नाही. त्या शिव्या कोणालाच लागल्या नाहीत याचे वाटले. शिवीलाही धनी लागतो. तीस वर्षांपूर्वी आमच्या टॉकीजमध्ये तिला धनी होता, आणि तो ती मुकाट्याने घेत असे. पट्टी तुटली की अंधार, अंधार झाला की शिव्या. मग मशीनचा दिवा पुन्हा लागे, आणि चित्र सुरू होण्याआधी त्या झोतात एक हात आडवा येई. पांढऱ्या पडद्यावर पाच बोटांची प्रचंड सावली पडे आणि 'बसा, बसा' अशी खूण करी. त्या सावलीला टाळ्या पडत.

तो हात ऑपरेटरमामांचा. त्यांचे खरे नाव येथे सांगत नाही. गावातही ते फक्त रेशनकार्डावर होते. सारा गाव त्यांना मामा म्हणे, आणि त्यामुळे आमच्या गावात मामींनाही सगळे मामीच म्हणत, त्यांचे स्वतःचे दीर धरून.

आमचे गाव भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे, तालुक्याचे. टॉकीज स्टेशन आणि बाजार यांच्या मधोमध. तिच्या मागच्या चाळीत आमची खोली आणि मामांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. मामा दुपारी अडीचला जेवून जात ते रात्री साडेबाराशिवाय परतत नसत. त्यांचा संध्याकाळचा डबा पोचवण्याचे काम मामींनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी तिसरीत होतो. गावातल्या कोणत्याही पोराने हेवा करावा असे ते पद होते. डबा पोचवून लगेच परत यायचे, अशी मामींची अट होती. ती मी एकदाही पाळल्याचे आठवत नाही.

केबिनला बाहेरून लोखंडी जिना होता. वर गेले की पत्र्याचे दार, आणि दाराशी वाळूने भरलेल्या तीन लाल बादल्या. फार पूर्वी चित्रपटांची पट्टी नायट्रेटची असे. ती पेटली की विझत नसे. १९५० नंतर लवकरच ती बनवणे बंद झाले आणि न भडकणारी पट्टी सगळीकडे आली. म्हणजे मामा या धंद्यात येण्यापूर्वीच तो धोका संपला होता. पण वाळूच्या बादल्या राहिल्या. सरकारी नियमांचे आयुष्य पट्टीपेक्षा दांडगे असते.

आत दोन मशिनी बैलजोडीसारख्या शेजारी शेजारी उभ्या असत. मामा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. मशीनमध्ये बल्ब असतो अशी माझी समजूत होती, तो नव्हता. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर बसवलेल्या असत. त्या एकमेकींना टेकवून किंचित दूर केल्या, की त्यांच्यामध्ये अशी ज्योत उभी राही, की नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहण्याची सोय नव्हती. बाजूला काळी काच होती, तिच्यातून पाहायचे. कांड्या जळत जात तसतसे त्यांच्यातले अंतर वाढे, आणि मामांना दर थोड्या वेळाने एक चकती फिरवून त्या पुन्हा जवळ आणाव्या लागत. त्यांचे लक्ष चुकले तर पडदा पिवळा पडे आणि खालून आवाज येई, 'लाइट मार, लाइट!' उन्हाळ्यात त्या खोलीत उभे राहवत नसे. मामा बनियनवर काम करीत. पण शुक्रवारी पहिल्या खेळाला मात्र धुतलेला सदरा घालत. खाली एवढी माणसे नवे चित्र पाहायला आलेली, आणि आपण उघडे कसे राहायचे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना पाहणारे तेथे कोणीही नसे, माझ्याशिवाय.

सेकंदाला चोवीस चित्रे, मिनिटाला नव्वद फूट पट्टी, हा हिशेब मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तीन तासांच्या चित्रपटाची पट्टी सोळा हजार फुटांच्या वर जाते. ती गावातून उलगडत नेली तर पाच किलोमीटरवरच्या नदीच्या पुलापर्यंत पोचेल, असे मामा सांगत. पुढे मी गुणाकार करून पाहिला तेव्हा तो बरोबर निघाला. वजन मणभर. एवढे एका रिळावर मावत नाही. म्हणून दोन दोन हजार फुटांची आठ-नऊ रिळे, एकेक सुमारे वीस-बावीस मिनिटांचे. थोरलीवरचे रीळ संपत आले की धाकटी तयार ठेवायची, धाकटीवरचे संपत आले की थोरली. प्रेक्षकाला मात्र सांधा कळता कामा नये.

तो कळू नये म्हणून एक खूण असे. रीळ संपायला आठ सेकंद राहिले, की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसा ठिपका चमकून जाई. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. मग सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका. त्याला या मशीनची झडप बंद, त्या मशीनची उघडी. दोन ठिपक्यांमधल्या त्या सात सेकंदांत मामा श्वास घेत नसत. मीही घेत नसे. खाली पाचशे माणसे नायिकेच्या दुःखात बुडालेली, आणि वर आम्ही दोघे तिच्या डोळ्यांकडे न पाहता आकाशाच्या कोपऱ्याकडे टक लावून बसलेले. एकदा तो ठिपका पाहिला, की माणूस चित्रपटाला कायमचा मुकला असे समजावे. त्यानंतर जितके चित्रपट मी पट्टीवर पाहिले, तितक्यांत दर वीस मिनिटांनी माझी नजर उजव्या कोपऱ्यात गेली.

मशीनच्या पोटात चार फाट्यांचे एक लहानसे चक्र होते. ते पट्टीला झटका देऊन एकेक चित्र खाली ओढी आणि क्षणभर थांबवी. पट्टी सरकत असताना समोर पाते आडवे येई, म्हणजे सरकणे दिसू नये. मामा एकदा म्हणाले, 'बापू, लोकांले वाटते मामा उजेड दाखवते. अर्धा वेळ मी अंधारच दाखवतो.' ते अगदी खरे होते. तीन तासांच्या चित्रपटात सुमारे दीड तास पडदा काळा असतो. डोळ्यांना तो काळोख कळत नाही इतकेच. मी आज शाळेत चित्रकला शिकवतो. वहीच्या कोपऱ्यात पळणारा घोडा काढून पाने फरफर सोडण्याचा खेळ मी दर वर्षी मुलांना दाखवतो, तेव्हा मामांचे हे वाक्य मी माझे म्हणून वापरतो.

तुटलेली पट्टी जोडताना मामा टोके ब्लेडने खरवडत आणि उग्र वासाच्या द्रावणाने चिकटवत. जोडण्याआधी फाटलेला भाग कापून टाकावा लागे. ते तुकडे माझे. एका चित्राला पाच गोट्या, नटी असली तर दहा, असा भाव होता. उडालेल्या बल्बच्या आतली तार काढून त्यात पाणी भरायचे, त्याच्यामागे तुकडा धरायचा, आरशाने उन्हाचा कवडसा पाडायचा आणि दारे लावून घ्यायची. भिंतीवर हेमा मालिनी हातभर उलटी उभी राही. आमच्या चाळीत माझे स्वतःचे थिएटर होते, आणि तेथे तिकीट काढल्याशिवाय माझ्या सख्ख्या भावालाही प्रवेश नव्हता.

आता त्या दिवसांना सोनेरी वर्ख लावण्याचा मोह होतो, पण तो खोटेपणा होईल. त्या पट्ट्या आमच्याकडे कशा येत ते सांगितले पाहिजे. चित्रपटाच्या पेट्या भुसावळच्या वितरकांकडून पॅसेंजरने येत. चित्रपट मुंबईत लागल्यावर सहा महिन्यांनी, कधी वर्षानेही. प्रत करायला पैसा लागतो, म्हणून प्रती मोजक्या काढायच्या. त्या आधी शहरांत फिरायच्या, मग जिल्ह्यांत, मग तालुक्यांत आणि शेवटी जत्रेतल्या तंबूंत. आमच्यापर्यंत येईतो तिच्या अंगावर इतक्या गावांचे ओरखडे असत, की आमच्या पडद्यावर राजस्थानातसुद्धा पाऊस पडत असे. जेथे जेथे ती तुटली तेथे तेथे कुणा ना कुणा मामाने दोन बोटे कापून जोडलेली. बोलता बोलता माणूस टेबलावरून एकदम दाराशी दिसे. चांगली गाणी तर मधूनच नाहीशी झालेली असत. ती वाटेतल्या कुणा हौशी ऑपरेटरच्या पेटीत गेलेली. आमच्या मामांनी कधी गाणे काढून घेतले नाही. मात्र एकदा, फक्त एकदा, एका मारामारीचा तुकडा आमच्या गावच्या प्रतीत जरा लवकर संपला होता, आणि त्याच महिन्यात माझ्याकडे गोट्यांची बरणी भरली होती. त्याबद्दल आम्ही दोघे कधी बोललो नाही.

'माहेरची साडी' १९९१ साली निघाला, आमच्याकडे तो पुढच्या वर्षी आला. आसपासच्या खेड्यांतून बायका बैलगाड्या जुंपून आल्या होत्या. टॉकीजच्या आवारात बैल सोडलेले, आणि आत हुंदके. त्यातच गावातल्या दुसऱ्या टॉकीजच्या मालकाने प्रत एक आणि खेळ दोन असा व्यवहार ठरवला. आमच्याकडे पहिले रीळ संपले की एक पोरगा ते सायकलला लावून तिकडे पळवी; तिकडचा खेळ आमच्यामागे अर्ध्या तासाने चाले. एके दिवशी रेल्वेचे फाटक पडले. मालगाडी लांबलचक. फाटकाच्या अलीकडे पोरगा आणि रीळ, पलीकडे रडायला बसलेल्या दोनशे बायका. शेवटी तिकडच्या ऑपरेटरने साबणाच्या जाहिरातीची काचेची पट्टी लावली, आणि बायका तिच्याकडे पाहूनही थोडा वेळ रडल्या, असे सांगतात.

हे सारे आज हसून सांगता येते. त्या वेळी मला त्याचा राग येई. मुंबईहून मे महिन्यात आलेली मावसभावंडे जे चित्रपट विसरूनही गेलेली असत, ते आमच्याकडे 'नवीन' म्हणून तांगा फिरवून जाहीर होत. जगात जे काही होते ते आमच्याकडे झिजून, तुटून, शिळे होऊन येते, ही बोच मनात राहिली. ती पुढच्या गोष्टीला कारण झाली.

मी शाळेत लागलो, दोन कादंबऱ्या छापून आल्या, गावात 'मास्तरांना कळते' अशी माझ्याविषयी समजूत पसरली. २००९ साली टॉकीजच्या मालकांनी, आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू, मला दुकानी बोलावले. चहा मागवला. म्हणाले, 'मास्तर, एक कंपनी आली आहे. छपरावर तबकडी बसवणार, चित्रपट आकाशातून येणार. पेट्या नाहीत, पट्टी नाही, कार्बन नाही. मशीन त्यांची, दर खेळाला भाडे आपले. तुमचे काय मत?'

मी विचार करण्यास वेळ घेतला असे म्हणता येणार नाही. चहा निवायच्या आत मी त्यांना व्याख्यान दिले. १८९६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळानंतर ती मुंबईला पोचायला सहा-सात महिने लागले. आणि शंभर वर्षांनी मुंबईहून आमच्या गावी पोचायलाही तेवढेच लागतात, हे मी त्यांना ठासून सांगितले. अमेरिकेत १९९९ सालीच चित्रपट पट्टीशिवाय दाखवायला सुरुवात झाली आहे, आज ना उद्या सगळीकडे हेच होणार, मागे राहिलात तर टॉकीज बंद पडेल, हेही सांगितले. शेठजी ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, 'आणि मामाचं?'

मी म्हणालो, 'मामा नवे मशीन शिकतील. त्यात काय आहे?'

माझी बाकीची भविष्ये खरी ठरली. २०१३ साली फुजी कंपनीने चित्रपटांची पट्टी बनवणे बंद केले. पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या पॅरामाउंटने अमेरिकेत पट्टीच्या प्रती पाठवणे थांबवल्याची बातमी आली. फक्त हे शेवटचे वाक्य तेवढे चुकले.

१ जानेवारी २०१० रोजी शुक्रवार होता. त्या दिवशी 'नटरंग' मुंबई-पुण्याला लागला, आणि त्याच दिवशी, त्याच वेळी, आमच्या गावीही लागला. पडद्यावर एक ओरखडा नाही. एक उडी नाही. रंग असे, की जणू पडदा धुऊन आणला आहे. माझ्या शेजारी बसलेले एक शेतकरी चित्रपट संपल्यावरही उठेनात. म्हणाले, 'मास्तर, आज पह्यल्यांदा पुरा सिनेमा पाह्यला.' मला त्या वेळी जो अभिमान वाटला तो आजही मी नाकारणार नाही.

त्या अभिमानाच्या भरात मी इंटरव्हलला लोखंडी जिना चढून वर गेलो होतो. थोरली आणि धाकटी भिंतीशी सरकवलेल्या, त्यांच्यावर चादर. मधोमध कपाटाएवढा एक पेटारा घूं घूं करीत होता. अशा यंत्रात उजेड पट्टीतून जात नाही. अतिसूक्ष्म आरशांवरून परततो. मोठ्या शहरांतल्या यंत्रांत एका तुकड्यावर २०४८ आडवे आणि १०८० उभे, म्हणजे बावीस लाखांहून अधिक आरसे असतात, आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलतो. आमच्याकडचे यंत्र त्याहून गरीब होते, पण जातकुळी तीच. मामा स्टुलावर बसले होते. शुक्रवार होता, म्हणून धुतलेला सदरा होता. हात मांडीवर.

मी म्हणालो, 'मामा, कसं दिसतंय चित्र!'

'लय झकास,' मामा म्हणाले. 'काही पाहाच लागत नाही. तेच मले पाहून राह्यलं.'

नंतर कळले, की चित्रपट मशीनमध्ये उतरलेला असला तरी त्याला कुलूप असते. ठरलेल्या दिवसांची, ठरलेल्या खेळांची किल्ली वरून आल्याशिवाय तो उघडत नाही. पूर्वी भुसावळची पेटी एकदा हातात आली, की आतला चित्रपट निदान आठवडाभर मामांचा असे. रात्री शेवटच्या खेळानंतर ते एखादे रीळ फक्त स्वतःसाठी पुन्हा लावत, आवाज बंद करून. हे मला मामींनी सांगितले होते. आता तसे करता येत नव्हते.

तीन-चार महिन्यांत एक बारावी झालेला पोरगा आला, त्याला कंपनीने आठवडाभर शिकवले, आणि मामांना खाली दारावर बसवले. तिकिटे फाडायची, अंधारात बॅटरी दाखवायची. शेठजींनी पगार कमी केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ज्या माणसाला गावाने तीस वर्षे वर तोंड करून हाक मारली, त्याच्या हाती आता लोक तिकीट देत आणि न पाहता आत जात. मी न पाहता जाणाऱ्यांपैकी होतो, पण वेगळ्या कारणाने. 'ये मास्तर,' ते म्हणत, माझे तिकीट जरा हळू फाडत, आणि मी मोबाईलमध्ये काहीतरी पाहत आत शिरे. शेठजींना सल्ला मी दिला होता, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. दोन वर्षांनी मोतीबिंदूचे निमित्त झाले आणि मामा घरी बसले. त्यांच्या मुलाचे बाजारात मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. तेथे ते दुपारभर खुर्ची टाकून असत.

धाकटी भंगारात किलोवर गेली. थोरलीला शेठजींच्या मुलाने रुपेरी रंग लावून तिकिटाच्या खिडकीशेजारी शोभेला उभी केली. पेट्या तर वितरकांकडून केव्हाच भंगारवाल्याकडे गेल्या होत्या. यात आपल्या देशात नवल काही नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दाखवलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी काही भागच आज शिल्लक आहे. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. कृष्णधवल पट्टीवरचे चित्र चांदीचे असे, आणि ती चांदी खरवडून विकणाऱ्यांना त्या चित्रात दुसरे काही दिसत नसे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, म्हणून जे आहे ते आहे. गंमत अशी, की थंड आणि कोरड्या खोलीत ठेवलेली चांगली पट्टी शंभर वर्षे टिकते; आणि हे नवे, पट्टी नसलेले चित्रपट मात्र दर काही वर्षांनी एका यंत्रातून दुसऱ्यात उतरवून घ्यावे लागतात, नाही तर ते वाचणारे यंत्रच उरत नाही. हे मला २००९ साली ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी शेठजींना वेगळे काही सांगितले असते का? नसते. मला तो शुक्रवार हवा होता.

तर पावसाळ्यातल्या त्या रविवारी आम्ही सारे रिकाम्या खिडकीला शिव्या देऊन घरी गेलो. पण ते मनातून जाईना. त्याच वर्षीच्या दसऱ्याला सकाळी मी टॉकीजवर गेलो. का, ते मला ठाऊक होते. पट्टीच्या काळात खंडेनवमीला मामा दोन्ही मशिनी पुसून, तेल देऊन ठेवत आणि दसऱ्याला झेंडूच्या माळा घालत. टॉकीज सोडल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नव्हता. थोरली रुपेरी रंगात अवघडून उभी होती, आणि मामा तिच्या चाकाला माळ गुंडाळत होते. हात थरथरत होता, पण गाठ बरोबर बसली. मी पायांना हात लावला, सोने दिले.

आणि बोलून टाकले. 'मामा, त्या वेळी शेठजींनी मला विचारलं होतं. मी घ्या म्हणालो.'

मामांनी थोरलीचे झाकण उघडले, आतल्या चक्राला बोट लावून ते फिरते का पाहिले. फिरत नव्हते, रंग आतही गेला होता.

'हाव, माहीत आहे मले,' ते म्हणाले. 'शेठजीनं आधी मलेच विचारलं होतं. मी म्हटलं, घ्या. पण माह्यावर नका ठेवू, घरी मामी बोलन. मास्तरले विचारा, तो घ्याच म्हणन.'

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, 'तोडून-जोडून दाखवत होतो रे बापू. लोकं पैसे पुऱ्याचे देत. लाज वाटे.'

हे खरे होते, की दसऱ्याच्या दिवशी दारी आलेल्या मास्तराला रिकाम्या हाताने परत पाठवू नये म्हणून त्यांनी रचले होते, ते मला अजून उमगलेले नाही. शेठजी आता हयात नाहीत, आणि मामींना विचारण्याचे धाडस मला होणार नाही.

दुपारचा खेळ लागत होता. मी दोन तिकिटे काढली. मामा नको नको म्हणाले, मग आले. दारावरच्या पोराने तिकिटे फाडली आणि आम्हाला बॅटरी दाखवली. मामांना वाट ठाऊक होती. ते अंधारात माझ्यापुढे चालत गेले आणि अगदी मागच्या रांगेत, केबिनच्या खिडकीखाली बसले. चित्र स्वच्छ होते. मोतीबिंदू काढल्यापासून आपल्याला फार चांगले दिसते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले.

चित्रपट सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली असतील. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी कबूल करीत होते. मी सहज बाजूला पाहिले. मामांनी श्वास रोखला होता, आणि त्यांची नजर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागली होती.